पीएसपीवर होमब्रू शूटर ताडून पाहताय? या चुका टाळा

पीएसपी या सोनीच्या हातात धरायच्या खेळयंत्रावरच्या दोन होमब्रू (म्हणजे हौशी लोकांनी स्वतः बनवलेल्या) शूटरपैकी, म्हणजे जहाज चालवत गोळ्या चुकवायच्या खेळांपैकी, सरस कोणता, यावर वाद सुरू झाला की बहुतेक वेळा खेळांची तुलना झालेलीच नसते. एकाने जुन्या पीएसपी-१००० वर २२२ मेगाहर्ट्झला खेळलेलं असतं, दुसऱ्याने फोनवर पीएसपीची नक्कल करणाऱ्या पीपीएसएसपीपीमध्ये, तिसऱ्याने पीएसपीनंतर आलेल्या व्हिटावर. मग एक म्हणतो खेळ संथ आहे, दुसरा म्हणतो गोळ्या दिसतच नाहीत. 'नाचता येईना अंगण वाकडं' ही म्हण इथे उलटी फिरते, कारण अंगण खरोखरच वाकडं असतं. म्हणून खेळाला नावं ठेवण्याआधी यंत्र आणि सेटिंग तपासा. बाकी कुठल्याही प्रकारात हे थोडंफार खपून जातं, पण शूटरमध्ये एका फ्रेमच्या (पडद्यावर उमटणाऱ्या एका चित्राच्या) फरकानेही जीव जातो.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक: प्रोसेसरचं घड्याळ (म्हणजे त्याचा वेग) न बघणं

पीएसपीचा प्रोसेसर ३३३ मेगाहर्ट्झपर्यंत धावू शकतो, पण सोनीने सुरुवातीची काही वर्षं खेळांना २२२ वरच रोखून धरलं होतं. २००७ मध्ये ३.५० फर्मवेअर (यंत्राची आतली प्रणाली) आल्यावर ती मर्यादा उठली. होमब्रूवाल्यांना ही अट कधीच नव्हती, त्यामुळे काही खेळ सुरू होतानाच स्वतः ३३३ मागून घेतात आणि काही जे मिळेल त्यावर चालतात. शेजारी शेजारी ठेवलेले दोन खेळ वेगवेगळ्या वेगाने धावतायत, हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

पडदा सेकंदाला सुमारे ६० वेळा ताजा होतो, म्हणजे एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. पडद्यावर शेकडो गोळ्या आल्या आणि चित्र काढायला १८ मिलिसेकंद लागले, तर पडद्याच्या ठोक्याशी जुळवून चालणारा खेळ पुढच्या ठोक्यापर्यंत थांबतो आणि ६० वरून एकदम ३० फ्रेमवर येतो. मधली पायरी नसते. आता पुढची गंमत बघा. खेळाचं गणित फ्रेम मोजून चालत असेल तर सगळं निम्म्या वेगाने हलायला लागतं आणि तुम्हाला वाटतं, वा, काय सुंदर संतुलन साधलंय, अवघड जागी श्वास घ्यायला वेळ दिलाय! गणित खऱ्या वेळेवर चालत असेल तर वेग तोच राहतो, पण गोळ्या उड्या मारत येतात आणि तुम्ही म्हणता, हा खेळ अन्यायी आहे. दोन्हीकडे दुखणं एकच आहे, प्रोसेसर कमी पडतोय. शेरे मात्र अगदी उलटे पडतात.

त्यात तिसरा प्रकार मिसळतो. गोळ्यांचा खच पडला की खेळ मुद्दाम मंदावणं ही जपानी शूटरांची जुनी रीत आहे. तिथे मंदावणं हा दोष नसून रचनेचाच भाग असतो.

ओळखायचं कसं? कस्टम फर्मवेअरमध्ये (होमब्रू चालू देणाऱ्या, हौशी लोकांनी बदललेल्या प्रणालीत) सिलेक्ट बटण दाबून उघडणाऱ्या व्हीएसएच मेनूत 'सीपीयू क्लॉक गेम' असा पर्याय असतो. तिथे २२२ ठेवून खेळा, मग ३३३ ठेवून तीच जागा पुन्हा खेळा. मंदावणं नाहीसं झालं तर ते यंत्राचं होतं. तसंच राहिलं तर एक तर लेखकाने मुद्दाम ठेवलंय, किंवा कोड इतका जड आहे की ३३३ देखील पुरत नाही. या दोन्हींतला फरक बहुधा नेमकेपणावरून कळतो. मुद्दाम ठेवलेलं मंदावणं दर वेळी त्याच जागी, सारख्याच प्रमाणात येतं. दमलेला प्रोसेसर कधी आधी अडखळतो, कधी नंतर. आणखी एक खूण म्हणजे स्फोटांची गर्दी झाली की आवाजही तुटायला लागतो. ते कोणी हौसेने करत नाही.

तुलना करायची तर दोन्ही खेळ ३३३ वर चालवा आणि तसं लिहूनही ठेवा. बॅटरी लवकर उतरेल, तेवढं सोसायचं.

पोर्टला मूळ खेळ समजणं

हातातल्या यंत्रांवरच्या होमब्रू शूटरांची गोष्ट केंता चो यांच्याशिवाय पुरी होत नाही. एबीए गेम्स या नावाखाली त्यांनी नॉइझ२एसए, आररूटेज, पारसेक४७, टोरस ट्रूपर असे खेळ संगणकासाठी फुकट दिले आणि कोडही खुला ठेवला. त्यामुळे हौशी लोकांनी ते निरनिराळ्या यंत्रांवर नेले. त्यांच्या तुमिकी फायटर्सवरून तर २००८ मध्ये वी कन्सोलसाठी ब्लास्ट वर्क्स हा विकतचा खेळ निघाला.

पण पोर्ट, म्हणजे दुसऱ्या यंत्रावर चालेल अशी केलेली आवृत्ती, हा मूळ खेळ नव्हे. संगणकावर ६४० बाय ४८० साठी बेतलेलं चित्र पीएसपीच्या ४८० बाय २७२ मध्ये बसवताना उंची जवळजवळ निम्म्यावर येते, आणि तीही नीट निम्मी नाही. बारीक रेषा मधूनच गायब होतात, छोट्या गोळ्या एखाद्या ठिपक्याएवढ्या उरतात. पोर्ट करणाऱ्याने यावर काय उपाय केला, ही त्याची कारागिरी. गोळ्यांची नक्षी मुळात कशी सुचली, हे श्रेय चो यांचं. दोन्हींना एकच गुण देऊन मोकळं होऊ नका.

भाषेचाही प्रश्न आहे. पारसेक४७ आणि त्यानंतरचे त्यांचे बरेच खेळ डी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेले आहेत, आणि हौशी पीएसपी विकासाची साधनं सी आणि सी++ भोवती उभी राहिली. असा खेळ लहान यंत्रावर न्यायचा तर बराचसा पुन्हा लिहावा लागतो. त्यात वेग, टप्पे, गोळ्या आदळण्याची तपासणी अशा बारीक गोष्टी नकळत बदलतात. पोर्टसोबत येणारी रीडमी फाइल वाचायचा कंटाळा करू नका. काय गाळलं आणि काय अर्धवट आहे, हे बहुतेक जण प्रामाणिकपणे लिहितात. आवृत्ती ०.२ असलेल्या पोर्टची बरोबरी पूर्ण झालेल्या खेळाशी लावणं तर सरळ अन्याय आहे.

आररूटेजच्या बाबतीत आणखी एक घोटाळा हमखास होतो. या खेळात मधले किरकोळ शत्रू नाहीत, एकामागून एक फक्त बॉस (मोठे, मुख्य शत्रू) येतात. आणि खेळायच्या पद्धती चार आहेत. साधी पद्धत बॉम्बची. दुसरीत गोळ्यांना अगदी घासून जाऊन पट्टी भरायची, मग थोडा वेळ अभेद्य व्हायचं. तिसरीत जहाजाचा रंग बदलून त्याच रंगाच्या गोळ्या गिळायच्या. चौथीत गोळ्या परतवून लावायच्या. एकाने पहिली पद्धत खेळून खेळाला 'अवघड' म्हणायचं आणि दुसऱ्याने तिसरी खेळून 'कोडं सोडवल्यासारखं' म्हणायचं, हा वाद मिटणारच नाही. दोघांनी वेगळेच खेळ खेळलेत. तुलनेत पद्धतीचं नाव लिहा, आणि दुसऱ्या खेळातली त्याच्या जवळची पद्धत शोधून तीच समोर ठेवा.

पडदा

पीएसपीचा पडदा ४.३ इंचाचा आहे. म्हणजे एका इंचात साधारण १२८ ठिपके. गोळ्यांच्या शूटरमध्ये जहाज मोठं दिसलं तरी मार लागणारा भाग दोन-तीन ठिपक्यांचाच असतो. तीन ठिपके म्हणजे सुमारे ०.६ मिलिमीटर. तुलना करताना जहाजाच्या चित्राकडे बघू नका, मार कुठे लागतो ते शोधा. पहिल्या टप्प्यातल्या एकट्या, संथ गोळीसमोर हळूहळू सरकत जा. पंखातून गोळी आरपार गेली आणि पोटात लागली की हद्द कळली. चांगले लेखक तिथे एखादा चमकता ठिपका देतात. ज्या खेळात तो नाही त्याचा एक गुण मी तरी बिनदिक्कत कापतो.

पीएसपी-१००० च्या पडद्याला सावल्या राहतात. काळ्या पार्श्वभूमीवर गडद जांभळ्या गोळ्या वेगाने आल्या की मागे शेपूट दिसतं, आणि खरी गोळी कुठली ते समजत नाही. ३००० मध्ये हे बरंच सुधारलं, पण तिच्यावर वेगवान हालचालीत आडव्या बारीक रेषा दिसतात. पीएसपी गोचा पडदा ३.८ इंचाचा, त्यामुळे तिथे सगळंच आणखी बारीक. म्हणून यंत्राचा मॉडेल क्रमांक सांगितल्याशिवाय 'गोळ्या दिसत नाहीत' या तक्रारीला अर्थ नाही. गडद रंग निवडले असतील तर तो लेखकाचा दोष धरा, शेपूट पडद्याचं.

उभ्या पडद्याचे शूटर हा वेगळा विषय. २४० बाय ३२० चा उभा खेळ आडव्या पीएसपीत बसवला तर रुंदी २०४ ठिपके उरते आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. पीएसपी उभी धरली तर तोच खेळ एकाला एक ठिपका या मापात आरामात मावतो. पण मग बटणं अशा जागी जातात की अर्ध्या तासात मनगट बोंबलतं. होमब्रूमध्ये उभ्या धरण्याचा पर्याय असेल तर दोन्ही तऱ्हांनी खेळून बघा आणि कोणती तऱ्हा वापरली ते सांगा.

दिशेच्या बटणांनी एक, नबने दुसरा

अॅनलॉग नब (अंगठ्याने सरकवायची छोटी गुंडी) जुना झाला की मधल्या जागी परत येत नाही. मग जहाज आपोआप एका बाजूला सरकतं आणि शिव्या खेळाला बसतात. नबला हात न लावता जहाज स्थिर राहतं का, हे आधी बघा. काही खेळ मध्याजवळची हालचाल दुर्लक्षित करतात, काही करत नाहीत. दोन्ही खेळ दिशेच्या बटणांवर खेळा, प्रश्न मिटतो. तिरकं जायला पीएसपीची बटणं फारशी प्रेमळ नाहीत, पण निदान दोन्ही खेळांना सारखाच त्रास देतात.

खेळ सुरूच होत नाही

खेळ चालला नाही म्हणून त्याला यादीतून काढून टाकणं ही घाई. नेहमीची कारणं थोडकीच आहेत.

८००२०१४८ हा आकडा दिसला तर बहुधा कस्टम फर्मवेअर चालूच नाही. ६.६० किंवा ६.६१ वरची बरीच कस्टम फर्मवेअर यंत्र पूर्ण बंद केल्यावर उतरतात, फक्त झोपवलं तर टिकतात. कस्टम फर्मवेअर पुन्हा सुरू करून खेळ लावा. ते कायम टिकवणारं इन्फिनिटी बसवलं की ही कटकट संपते.

मेनूत खेळ दिसतच नसेल तर फोल्डर उघडून बघा. झिप उलगडताना फोल्डरमध्ये फोल्डर तयार होतो आणि फाइल एक पायरी जास्त खोल जाते. 'पीएसपी'मध्ये 'गेम', त्यात खेळाचा फोल्डर, आणि त्यात थेट 'ईबूट.पीबीपी' (नाव अर्थातच इंग्रजी अक्षरांत), एवढंच हवं. काळा पडदा येऊन परत मेनू आला तर चित्रं-आवाजाचा फोल्डर सोबत कॉपी झालाय का ते तपासा.

'दूषित डेटा' असं लिहिलेली चिन्हं दिसली तर ते पॅकेज १.५० फर्मवेअरच्या काळातलं, दोन फोल्डरांत दुभंगलेलं आहे. एकाच्या नावात टक्क्याचं चिन्ह असतं. ही जोडी दुरुस्त करत बसू नका, एकसंध ईबूट मिळतो का ते शोधा. आणि खेळ १.५० च्या कर्नलसाठीच (प्रणालीच्या गाभ्यासाठीच) लिहिलेला असेल तर तो पीएसपी-१००० वर, त्या कर्नलची जोड देऊन चालवणं सगळ्यात कमी त्रासाचं.

स्मृतीचाही फरक आहे. १००० मध्ये ३२ एमबी, २००० पासून पुढे ६४. नव्या यंत्रावर बनवून तिथेच तपासलेला एखादा खेळ जुन्यावर तिसऱ्या टप्प्यात कोसळतो, कारण तेव्हाच मोठी चित्रं भरली जातात. लॅमिंग्टन रोडवर जुनी पीएसपी घेताना मागचा मॉडेल क्रमांक वाचून घ्या. आणि बॅटरीचं झाकण उघडायला लावा, फुगलेली बॅटरी पुष्कळ जुन्या यंत्रांत सापडते.

फोनवर खेळून पीएसपीबद्दल बोलणं

पीपीएसएसपीपी उत्तम आहे, आपल्याकडे बहुतेकांची पीएसपीशी ओळख त्यावरच होते. पण तिथला निकाल तिथलाच. टचस्क्रीनवर अंगठा खालचा कोपरा झाकतो, आणि शूटरमध्ये जहाज नेमकं खालीच असतं. फ्रेम वगळण्याचा पर्याय चालू राहिला तर गोळ्या उड्या मारतात. तो बंद करा. 'बफर इफेक्ट वगळा' हेही बंद ठेवा. वेग वाढवणारे सगळे पर्याय मूळ जागी आणा. शक्य असेल तर ब्लूटूथऐवजी तारेचा कंट्रोलर लावा. एवढं करून मग दोन खेळ फोनवरच एकमेकांशी ताडून पाहा, ते चालेल.

व्हिटा मात्र खरोखर सोयीची. तिचा पडदा ९६० बाय ५४४, म्हणजे पीएसपीच्या नेमका दुप्पट. एका ठिपक्याचे चार होतात, काही विरघळत नाही. व्हिटावर पीएसपीचे खेळ चालवणाऱ्या अॅड्रेनलिनमधला चित्र मऊ करणारा फिल्टर काढून टाका, नाहीतर हा फायदा वाया जातो.

गुणसंख्येवरून अवघडपणा ठरवणं

एका खेळात दहा लाख गुण झाले आणि दुसऱ्यात चाळीस हजार, यावरून काहीच ठरत नाही. पहिला बॉस पडेपर्यंत किती जीव गेले ते मोजा, तेही दोन्ही खेळांत सुरुवातीचे जीव सारखे ठेवून. काही खेळ तुम्ही जितकं चांगलं खेळाल तितके आतल्या आत कठीण होत जातात. अशा खेळात निष्णात माणसाला पहिला टप्पा नवशिक्यापेक्षा अवघड जातो, म्हणून आपला अनुभव सांगताना आपण किती मुरलेले आहोत तेही सांगायला हवं.

उच्चांक टिकत नाहीत ही तक्रारही नेहमीची. होमब्रू खेळ गुण स्वतःच्याच फोल्डरात लिहितात, आणि बरेचसे फक्त नीट बाहेर पडतानाच लिहितात. म्हणून खेळाच्या मेनूतला 'बाहेर पडा' वापरा. आणखी एक, खेळ चालू असताना पीएसपी झोपवू नका. उठल्यावर मेमरी स्टिकवरच्या उघड्या फाइलींशी असलेला धागा तुटलेला असतो. खेळ वरवर ठीक चालतो, फक्त संगीत थांबतं किंवा गुण लिहिले जात नाहीत. तसं झालं तर तो डाव तुलनेत धरू नका, खेळ बंद करून नव्याने लावा.