कॉलर गेला तरी लाइन सुटेना

जुन्या डॉस मशीनवरच्या बीबीएसला (मोडेमने फोन लावून वापरायच्या बुलेटिन बोर्डाला) फोनलाइन नाही, म्हणून सिरियल पोर्टला लिनक्स कॉम्प्युटर जोडून त्यावर टीसीपीसर चालवला. हा प्रोग्रॅम हेझ मोडेमचं, म्हणजे एटी आज्ञांवर चालणाऱ्या फोन-मोडेमचं, सोंग बेमालूम वठवतो: इंटरनेटवरून कुणी आलं की 'रिंग' पाठवतो, आणि एटीडीटी या डायल करायच्या आज्ञेपुढे नंबराऐवजी होस्टचं नाव दिलं तरी 'डायल' करतो.

पण कुणी लॉगआउट न करता निघून गेलं की बीबीएसला पत्ताच नसायचा. ऑटो आन्सर (कॉल आपोआप उचलणं) चालू असल्याने पुढचा कॉलर थेट आधीच्याच्या मेनूत उतरायचा! सेटिंग धुंडाळण्यात वेळ गेला, निघालं काहीच नाही.

मग मल्टिमीटर काढला. दोन्ही मशीन जोडणाऱ्या नल मोडेम केबलमध्ये आरपार फक्त २, ३ आणि ५ या पिन. डीसीडी, म्हणजे कॅरियर (समोरचा जोडलेला) आहे की नाही हे कळवणारी पिन १, डॉसच्या बाजूलाच पिन ४ ला, म्हणजे 'मी तयार आहे' सांगणाऱ्या डीटीआरला, डाकलेली. म्हणजे कॅरियर कायम 'आहे'च. एका बाजूची पिन ४ दुसरीकडच्या १ आणि ६ ला जाते अशी फुल हँडशेक केबल लावली, मोडेमला सुरुवातीला द्यायच्या आज्ञांमध्ये (इनिट स्ट्रिंगमध्ये) &सी१ आणि &डी२ घातलं: पहिल्याने डीसीडी खऱ्या कॅरियरप्रमाणे बदलते, दुसऱ्याने डीटीआर पडली की मोडेम कॉल तोडतो. आता कॉल तुटताच बीबीएस सेशन बंद करतं.

झेडमोडेम या फाइल पाठवायच्या पद्धतीने फाइल जाताना अडखळत असेल, तर मात्र केबलला बोल लावू नका. तिथे बहुधा २५५ हा बाइट आडवा येतो: कॉलर ज्यावरून येतो ते टेलनेट त्याला आज्ञेची खूण समजतं.