काल्पनिक जर्मॅनिक भाषेत मांजर आणताय? या चुका टाळा

डच, जर्मन, आइसलँडिकच्या वळणाची स्वतःची भाषा रचायला बसलेले लोक मांजराच्या शब्दावर हमखास घसरतात.

सगळ्यात छळणारी चूक म्हणजे 'हाट'. ग्रिमचा नियम नुकताच वाचलेला असतो: जुन्या 'क'चा जर्मॅनिकमध्ये 'ह' होतो. लॅटिन 'केंटुम', इंग्रजी 'हंड्रेड'. लॅटिन 'कॉर्नू', इंग्रजी 'हॉर्न'. मग लॅटिन 'काटुस'चं 'हाट' का नको? एका हुशार पोराने मला त्याचा अख्खा शब्दसंग्रह पाठवला होता. मांजर 'हाट', नियम चोख लावलेला. पुढे टोपी, तीही 'हाट'! होणारच, कारण आद्य जर्मॅनिकमध्ये, म्हणजे या सगळ्या भाषांच्या अंदाजाने उभ्या केलेल्या पूर्वज भाषेत, टोपीसाठी 'हाट्टुझ' असा शब्द मानतात, इंग्रजी 'हॅट' त्याचाच. पोरगं ऐकेना. म्हणे, एका शब्दाचे दोन अर्थ सगळ्या भाषांत असतात. असतात ना, पण हा अपघाताने झाला होता.

'काटुस' हा उशिराच्या लॅटिनमधला शब्द. अभिजात लॅटिनमध्ये मांजर म्हणजे 'फेलेस'. जर्मॅनिक लोकांनी 'काटुस' उचलला तोवर 'क'चा 'ह' होणं कधीच थांबलं होतं. म्हणून इंग्रजी 'कॅट', डच 'काट', सगळीकडे 'क' शाबूत. मी वहीत प्रत्येक शब्दापुढे रकाना ठेवतो: वारशाचा की उसना, आणि उसना असेल तर कधीचा. कंटाळवाणं काम आहे. एका बसणीत भाषा उरकणाऱ्यांना ते नकोच असतं.

जर्मन 'कात्से'मधला 'त्स' सुटा उचलू नका. ज्या व्यंजनबदलाने तो आला, त्यानेच जर्मनमध्ये पाण्याचं 'वासर' झालं आणि दहाचं 'त्सेन'. तुमच्या भाषेत पाणी 'वाटर' असेल, तर मांजर 'काट'च राहील. स्विस जर्मनमध्ये तर सुरुवातीचा 'क'सुद्धा घशातला 'ख' होतो.

आइसलँडिक 'कोट्टुर' रोमन लिपीत लिहिताना 'ओ'वर येणारी दोन टिंबं म्हणजे दागिना नव्हे. एकेकाळच्या 'उ'मुळे तिथला 'आ' बदलला. षष्ठीत 'काट्टार' होताना तो 'आ' दिसतो. टिंबं शिंपडणाऱ्यांनी आधी विभक्त्या पाठ कराव्यात.

पुरावा म्हणून गॉथिक या लोप पावलेल्या जर्मॅनिक भाषेतला शब्द पुढे करू नका; गॉथिकच्या उरलेल्या मजकुरात मांजर नाही.

आणि लिंग ठरवताना मराठीच्या सवयीने नपुंसक करू नका. जर्मनमध्ये मांजर स्त्रीलिंगी, आइसलँडिकमध्ये पुल्लिंगी.