कारखान्यात अपघात झाल्यावर भरपाईचा दावा

बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या फाउंड्रीत ओतकाम करताना हात भाजला, तर उपचार सुरू होताच अपघाताची लेखी सूचना मालकाला द्यावी आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले पुढे कोणी मान्य करत नाही. कामगाराला ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचे, संरक्षण असल्यास दावा तिथेच करावा लागतो, मालकाकडे वेगळी भरपाई मागता येत नाही. ते नसेल, तर अपघातापासून 2 वर्षांच्या आत भरपाईच्या सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. बेळगावात कागद बहुधा कन्नडमध्ये पुढे येतात; त्यामुळे ‘सर्व रक्कम मिळाली, तक्रार नाही’ असा मजकूर नकळत मान्य होऊ नये, यासाठी जाणत्या माणसाकडून तो ओळीने वाचून घेतल्याशिवाय सही किंवा अंगठा करू नये, आणि कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही.