फुफ्फुसाची सोनोग्राफी: लॅसिक्स भरण्याआधी या चुका टाळा

फुफ्फुसाच्या सोनोग्राफीत बी-लाइन्स दिसल्या की हात लॅसिक्सकडे, म्हणजे लघवीवाटे पाणी काढणाऱ्या औषधाकडे, जातो. ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता रागही येत नाही. बी-लाइन म्हणजे प्ल्युराच्या (फुफ्फुसावरच्या पातळ आवरणाच्या) रेषेपासून निघून, न विझता पडद्याच्या तळापर्यंत जाणारी, श्वासाबरोबर सरकणारी पांढरी पट्टी. तिथल्या फुफ्फुसात हवा कमी आणि ओल जास्त झाली, एवढंच ती सांगते. ओल हृदयामुळे की फुफ्फुसाच्या इजेमुळे, हे तिला विचारू नका.

इंदूरला गेरच्या (रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या) दुसऱ्या रात्री तिशीतला एक मुलगा आला. दारूनंतरचा पॅन्क्रिएटायटिस (स्वादुपिंडाची सूज), ऑक्सिजन घसरत चाललेला. रेसिडेंटचा फोन: "सर, दोन्हीकडे बी-लाइन्सच बी-लाइन्स. पल्मनरी एडिमा आहे, फुफ्फुसात पाणी, चाळीस मिलिग्रॅम लॅसिक्स दिलंय." मी पोचलो तेव्हा सिस्टर नॉरअ‍ॅड (बीपी वाढवणारं औषध) चढवत होत्या, वरचं बीपी सत्तर. पॅन्क्रिएटायटिसमध्ये पाणी आधीच रक्तवाहिन्यांबाहेर पळालेलं असतं. रेसिडेंटने उरलंसुरलं लघवीवाटे काढलं. मी लिनिअर प्रोब (वरवरचं बारकाईने दाखवणारा) लावला. प्ल्युराची रेषा जाड, उंदराने कुरतडल्यासारखी, तिच्याखाली मुगाएवढे काळे डाग, सरकणं मंद. एका फासळीच्या फटीत बी-लाइन्सची गर्दी, शेजारच्या फटीत स्वच्छ ए-लाइन्स, म्हणजे हवा भरलेल्या फुफ्फुसाच्या आडव्या रेषा. हृदय मात्र दणकून चाललेलं. सरळसरळ एआरडीएस, म्हणजे फुफ्फुसाचीच तीव्र इजा, हृदयाची नाही. मुलगा वाचला, पण किडनीने आठवडाभर घाम काढला.

हार्ट फेल्युअरमध्ये ही रेषा सहसा बारीक, गुळगुळीत असते आणि बी-लाइन्स दोन्हीकडे साधारण सारख्या. म्हणून माझी सवय अशी: आधी मिनिटभर फक्त प्ल्युरा बघायचा, मग हृदय, मग आयव्हीसी (हृदयाकडे जाणारी पोटातली मोठी शीर), आणि बी-लाइन्स मोजायच्या शेवटी. एखाद्याची दोन्ही दुखणी एकत्र असतात, तेव्हा हृदय न बघता बोलूच नये.

दुसरी चूक आळसाची. छातीवर पुढून दोनदा प्रोब टेकवायचा आणि "लंग्ज क्लिअर" लिहायचं. उताण्या पेशंटची इजा बहुधा पाठीकडे असते. पुढे ए-लाइन्स आणि मागे फुफ्फुस लिव्हरसारखं घट्ट, हे रोजचं आहे. एका बाजूला सहा असे बारा भाग, प्रत्येकाला ० (हवा नीट) ते ३ (फुफ्फुस घट्ट) गुण, एकूण ३६. मी सुरुवातच पाठीकडून करतो, सिस्टरला हाताशी घेऊन. पेशंट वळवायला दोन माणसं लागतात म्हणून पाठ सोडणाऱ्याने स्कोअर लिहूच नये. एआरडीएसच्या २०१२च्या बर्लिन व्याख्येला एक्स-रे किंवा सीटीच लागायचा. २०२३च्या जागतिक व्याख्येने सोनोग्राफीही मान्य केली, पण इतर कुठलाच फोटो नसेल तर ती शिकलेल्या हाताने केलेली हवी, अशी अट घालून. चार व्हिडिओ पाहून हात शिकत नाही.

मशीनची हुशारी बंद करा. हार्मोनिक्स आणि कंपाउंडिंग या सोयी चित्र गोंडस करतात, आणि ए-बी लाइन्स तर मुळात आर्टिफॅक्टच, ध्वनिलहरींनी उमटवलेल्या आभासी रेषा. त्याच पुसल्या तर बघणार काय?

बाकीच्या थोडक्यात. प्रोब तिरका धरू नका: दोन बाजूंना दोन फासळ्यांच्या सावल्या, मध्ये प्ल्युरा, असं चित्र आलं पाहिजे. एका फटीत एक-दोन बी-लाइन्स निरोगी माणसातही दिसतात. तीन किंवा जास्त असतील तर बोला. प्ल्युराचं सरकणं दिसलं नाही की न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाबाहेर साचलेली हवा) ओरडू नका, श्वासाची ट्यूब उजव्या ब्रॉन्कसमध्ये (उजव्या श्वासनलिकेत) गेली तरी डावं फुफ्फुस सरकत नाही. लंग पॉइंट शोधा, म्हणजे सरकणारा आणि न सरकणारा भाग जिथे भेटतात ती जागा. आणि काम झालं की प्रोब पुसा. वाळलेली जेली रात्री दोनला खरवडायला मला लावू नका.