थंडीत रोपपेटीला ऊबही हवी आणि वाराही

वेळ अमावस्येपासून सोलापूरची गड्ड्याची (सिद्धेश्वराची) यात्रा उरकेपर्यंतचे, म्हणजे साधारण डिसेंबर-जानेवारीतले दिवस सांभाळायचे. उन्हाळी मिरची-टोमॅटोची रोपे घरात, एलईडी दिव्यांच्या बंद पेटीत करणाऱ्यांची खरी कसोटी याच दिवसांत लागते. सोलापूरची थंडी फसवी असते. पहाटे पारा १२-१४ अंशांवर आणि दुपारी तोच ३० च्या आसपास. पहाटेच्या गारठ्याला घाबरून आपण पेटीचे झरोके बुजवतो, वरून चादर टाकतो, आणि रोपे थंडीने नव्हे, कोंडलेल्या ओलाव्याने जातात.

ऊबदार हवा जास्त ओलावा धरते. रात्री ती गार झाली की तोच ओलावा पेटीच्या भिंतींवर आणि पानांवर पाणी होऊन उतरतो. सकाळी दार उघडल्यावर आतून थेंब ओघळत असतील, कोकोपीटवर (ट्रेमध्ये भरलेल्या नारळाच्या भुश्यावर) हिरवट थर धरला असेल, तर रोपाच्या बुडाशी बोट लावून पाहा. मातीलगत खोड पाणचट, दोऱ्यासारखे बारीक झाले असेल तर मर, म्हणजे रोप बुडातून कुजवणारा बुरशीचा रोग, लागली. ते रोप सावरत नाही. आजूबाजूच्या कप्प्यांसह काढून टाका आणि त्या ट्रेचे पाणी तोडा. पेरणीआधी कोकोपीटमध्ये ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळला असेल तर हा त्रास बराच कमी होतो.

आता उबेचे. माझ्या मते सगळ्यात स्वस्त हीटर तुमच्याकडे आधीच आहे, तो म्हणजे दिवा. एलईडी जेवढी वीज खातो त्यातली जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन पेटीतच राहते. मग तो दिवसा कशाला पेटवायचा? टायमर संध्याकाळी ५ ला चालू आणि सकाळी ८ ला बंद असा लावा. रोपांना १५ तास उजेड मिळतो, गारठ्याच्या वेळी ऊब मिळते, आणि दुपारी पेटी तापत नाही. दिवे चोवीस तास मात्र ठेवू नका, टोमॅटोची पाने पिवळी पडतात.

मिरचीचे बी उगवायला २५ ते ३० अंश लागतात. १५ च्या खाली ते नुसते पडून राहते आणि कुजते. म्हणून उगवण होईपर्यंत ट्रेखाली थर्मोस्टॅट असलेली हीट मॅट, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला आपोआप बंद होणारी विजेची तापती चटई, घाला. उगवल्यावर १८ ते २५ अंश पुरे, जास्त उबेत रोपे नुसती लांबट होतात. पेटी थेट फरशीवर नको, खाली थर्माकोल किंवा लाकडी पाट द्या. पाणी सकाळीच, कोमट करून. तापमापक रोपांच्या उंचीवर, दिव्याच्या थेट झोताबाहेर टांगा. कमाल-किमान नोंद ठेवणारा असेल तर पहाटे उठून बघायला नको.

वाऱ्यासाठी खालच्या बाजूला झरोका, वर विरुद्ध बाजूला एक्झॉस्ट पंखा. खालून येणारी हवा खोलीतली असू द्या, खिडकीतून थेट बाहेरची नको. पंखा रात्रभर चालवला तर ऊब निघून जाते. दर तासाला १०-१५ मिनिटे चालेल असा लावा, दुपारी मात्र सलग. आतला छोटा पंखा कायम चालू हवा. पाने जेमतेम हलली पाहिजेत, वाकता कामा नयेत.

आपल्याकडची हवा थंडीत कोरडी असते, ही जमेची बाजू. १२ अंशांची हवा २४ पर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता जवळपास निम्मी होते, त्यामुळे थोडा वेळ पंखा फिरला तरी पेटी सुकते. आर्द्रता ६० ते ७० टक्के राहिली की पुरे. पेटी दाट भरली असेल तर पंख्याची वेळ वाढवा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. खोली गरम करायला कोळशाची शेगडी कधीही पेटवू नका. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही.

रात्री वीज गेली तर दिवा आणि पंखा दोन्ही बंद पडतात. तेव्हा चादर जरूर टाका, पण वरचा झरोका चार बोटे उघडा राहू द्या, आणि वीज आल्यावर चादर आधी काढा, मगच दिवा लावा.