श्टुटगार्टला मुलांसकट येताय? शाळेचं आधी बघा

इथे येणारे फोनवर तासभर घरभाड्याचं विचारतात आणि शाळेचं अगदी शेवटी, फोन ठेवता ठेवता: "सुरुवातीला मुलीला घरीच ऑनलाइन शिकवलं तर चालेल ना?" नाही चालणार. जर्मनीत होमस्कूलिंगला बंदी आहे. काही पालक स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेले, 2006 साली तिथेही हरले. भारतातल्या ऑनलाइन शाळेत नाव असलं तरी इथली हजेरी सुटत नाही. स्वस्त तिकिटासाठी सुट्टीच्या दोन दिवस आधी उडणंही नको. जर्मनीच्याच बव्हेरिया राज्यात 2018 साली पोलिसांनी अशा कुटुंबांना विमानतळावरच गाठलं होतं.

आपल्या लोकांचा पहिला ओढा इंटरनॅशनल स्कूलकडे. इंग्रजी माध्यम, आयबी (जगभर चालणारा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम), शिवाय फी कंपनी भरते. पण ही फी वर्षाला पंधरा-वीस हजार युरोंच्या घरात जाते आणि कंपनीचा करार असतो दोन-तीन वर्षांचा. करार संपतो, तोवर आईबाबांना इथेच राहावंसं वाटू लागलेलं असतं, आणि सातवीतलं पोर जर्मन शाळेत जाऊन गप्प बसतं, कारण भाषाच येत नाही. हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता भिडस्तपणा सोडून सांगतो: परत जायचं नक्की असेल तरच ती शाळा घ्या. नाहीतर पहिल्याच महिन्यात सरकारी शाळा. फी नाही, आणि नवख्या मुलांना जर्मन शिकवणारे वेगळे वर्ग असतात.

वेगळं काही हवंच असेल तर वाल्डोर्फ बघा, म्हणजे कला आणि हस्तकामावर भर देणारी खासगी शाळा. जगातली पहिली वाल्डोर्फ शाळा याच शहरात 1919 साली सिगारेट कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी निघाली. पहिलीपासून दोन परदेशी भाषा, मुलग्यांनाही विणकाम, बरीच वर्षं एकच वर्गशिक्षक. खालच्या वर्गांत गुण नाहीत, म्हणजे आजीला व्हिडिओ कॉलवर टक्के सांगता येणार नाहीत. फी बहुतेक ठिकाणी उत्पन्नानुसार. मात्र पालकांनाही राबावं लागतं: बाजार भरवा, रंग लावा, लांबलचक सभांना बसा, सगळं जर्मनमध्ये. कोणत्याही खासगी शाळेत, मग ती माँटेसरी का असेना, मुलांना शेवटची परीक्षा तिथेच देता येते की बाहेरून द्यावी लागते, एवढं प्रवेशाआधी विचारा.

चौथीनंतर वाटा फुटतात, मुलं वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत जातात. गिम्नाझियम, म्हणजे थेट विद्यापीठाच्या वाटेवरची शाळा, मिळालं नाही की मराठी मंडळी घरात कुणी गेल्यासारखी कुजबुजतात. उगाच! रेआलशूलेतून, म्हणजे दहावीपर्यंतच्या मधल्या शाळेतून, दहावी करून, गुण बरे असतील तर तीन वर्षांच्या व्यावसायिक गिम्नाझियममधून आबितुअर (शाळेची शेवटची, विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा) होते, आणि विद्यापीठाचं दार उघडतं. गेमाइनशाफ्ट्सशूलेत तर निरनिराळ्या कुवतीची मुलं एकाच वर्गात बसतात. आपले लोक तिकडे फिरकत नाहीत, मला ती आवडते.

आणि हो, गोवराच्या लसीचा पुरावा शाळा मागतेच. कागद तिकडूनच आणा.