कॅन्टोनीज बोलीत उठणे-बसणे कसे शिकावे

कॅन्टोनीज ही हाँगकाँगमध्ये बोलली जाणारी चिनी बोली. तिथे लिहायचे शब्द वेगळे, बोलायचे वेगळे. ‘झोपणे’साठी पुस्तकात जो शब्द सापडतो, तो तिथल्या घरात सहसा ऐकू येत नाही, घरात म्हणतात फन३. त्यामुळे छापील शब्दयादीपासून सुरुवात करू नका.

आधी सूर बसवा. शब्दापुढचा आकडा सुराचा: १ उंच सरळ, २ उंच चढता, ३ मधला सरळ, ४ खाली उतरणारा, ५ खालून किंचित चढणारा, ६ खालचा सरळ. फन३ झोपणे, पण फन२ म्हणजे पूड आणि फन४ म्हणजे थडगे! (हा फ ‘फॅन’मधला.)

मग वही काढा आणि देवनागरीतच लिहा. १९९३ साली तयार झालेल्या ज्युटपिंग या रोमन पद्धतीत ‘जी’ दिसला की आपण ‘ग’ म्हणतो, तिथे हवा असतो ‘क’. ‘के’ म्हणजे ‘ख’. क-ख, त-थ हे भेद मराठी जिभेला जन्मापासून येतात. ‘चाक’मधला च तर जसाच्या तसा तिथे आहे. ऱ्हस्व-दीर्घही तसेच: फन३ झोप, फान६ भात.

आता उभे राहा. प्रत्येक शब्द ती कृती करतच म्हणायचा, नुसता वाचायचा नाही. खेय५ उभे राहणे, छो५ बसणे, मौ१ उकिडवे बसणे, हाङ४ चालणे, थय२ बघणे, लो२ घेणे, हाम३ रडणे. मँडरिन, म्हणजे चीनची प्रमाण भाषा, येत असेल तर सांभाळा: तिथला ‘चालणे’ इथे चौ२ होतो आणि अर्थ निघतो ‘निघून जाणे’.

आठवडाभराने शेपट्या जोडा. ‘खाली’साठी तय१: छो५ तय१, मौ१ तय१, फन३ तय१. उठून उभे राहायचे तर खेय५ हेय२ सन१. नुसते हेय२ सन१ म्हणजे सकाळी अंथरुणातून उठणे.

शेवटी काळ. इथे क्रियापद चालवावे लागत नाही, हे मोठेच सुख. मागे कन२ लावला की क्रिया चालू, चो२ लावला की झाली: सिक६ कन२ खातोय, सिक६ चो२ खाल्ले. एवढे जमले की ओळखीच्या कॅन्टोनीज माणसाला आपल्या ‘जेवलात का?’सारखेच विचारा: सिक६ चो२ फान६ मेय६? उत्तर येईल, सिक६ चो२ ला३.